फियाट आणि अँबॅसिडर : दोन घराण्यांच्या गाड्या

चौथा_गिअर (धागाकर्ता)

‘फियाट भारी की अँबॅसिडर’ हा वाद कुठेही काढा, पाचव्या मिनिटाला तो ‘आमच्याकडे होती ना पांढरी’ वर येऊन थांबतो. त्यातही मजा आहे, पण मला जरा बॉनेट उघडून बोलायचंय. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच टाकतो, म्हणजे भांडणाऱ्यांना थेट खाली जाता येईल. रचना म्हणून फियाट उजवी. अँबॅसिडर तिच्यापुढे ढोबळ, पण तो ढोबळपणाच आपल्या रस्त्यांवर कामाला आला. आणि दोघींचे स्वभाव त्या जिथे बनायच्या त्या मुंबईच्या कुर्ल्यात किंवा कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात घडलेले नाहीत. एकीचा ट्युरिनहून आला, दुसरीचा ऑक्सफर्डहून. तिथे ते तसे का घडले, हे मला जास्त रंजक वाटतं.

आधी थोडी वंशावळ. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. इंग्लंडात ती १९५६ ते १९५९ एवढीच बनली. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने तिची सामग्री आणली, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी उत्तरपाड्याहून निघायला लागलेली ही गाडी थेट मे २०१४ पर्यंत निघत राहिली. फियाट ११००-१०३ ही फियाटचा अभियंता दान्ते जाकोसा याची गाडी. १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली आणि १९५४ पासून प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बांधायला घेतली. पुढची दारं उलटी उघडणारी ती ‘डुक्कर फियाट’. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, साठच्या दशकाच्या मध्यावर डिलाइट, थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. डिलाइटपासून पुढे गाडी तीच, पाटी बदलत गेली.

आता इंजिन. फियाटचं १०८९ सीसी: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५. अँबॅसिडरचं आपल्या ओळखीचं इंजिन १४८९ सीसी: बोअर ७३, स्ट्रोक जवळजवळ ८९. हे आकडे नीट बघा. अँबॅसिडरचा पिस्टन अंगाने बारीक आणि वरखाली लांबच लांब पळणारा.

याचं कारण इंग्लंडच्या कर खात्यात सापडतं. तिथे १९४७ पर्यंत गाडीवरचा कर ‘हॉर्सपॉवर’वर होता, आणि ती मोजायची रीत अशी की सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या एवढंच धरायचं. स्ट्रोक हिशेबातच नाही! मग कारखानदारांनी करायचं ते केलं. व्यास बारीक ठेवला, स्ट्रोक वाढवला. असं इंजिन कमी फेऱ्यांवर जोरात ओढतं, पण जास्त पिळलं की कण्हायला लागतं. इटलीत कर एकूण सीसीवर, शिवाय पेट्रोल महाग. तिथे इंजिन मुळात लहान ठेवायचं आणि त्याला पळवून काम काढून घ्यायचं. फियाटचं हे इंजिन १९३७ सालच्या ५०८ सी गाडीपासूनचं, पण ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि मोकळ्या गळ्याने फिरायची खोड घेऊन आलेलं. अँबॅसिडरचं हेड बीडाचं.

ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांच्या डाव्या पायाला हे ठाऊक आहे. अँबॅसिडर तिसऱ्यात टाकून बैलगाडीमागे रांगत न्या, मोकळा रस्ता मिळाला की त्याच गिअरमध्ये उचलेल. फियाटला तसं चालत नाही, एक गिअर खाली घ्यावाच लागतो. घेतलात की मात्र ती अशी सुटते की चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर आहे यावर विश्वास बसत नाही.

चाकांखालची गोष्ट पुढच्या प्रतिसादात. तोवर बोला.

वऱ्हाडी_ठेचा

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण ‘ढोबळ’ वाचलं अन् उठलो.

भाऊ, तुमची फियाट मरीन ड्राइव्हवर उजवी असेल. आमच्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीतला रस्ता बघितला का कधी? चाकाच्या दोन चाकोऱ्या अन् मधात उंचवटा. तिथे फियाटचं पोट घासत जायचं. अँबॅसिडर निघून यायची. मागे चार, पुढे तीन, डिकीत सरकीची पोती. वरात असली तर मोजदादच नाही. मागच्या पाट्याचं एखादं पान तुटलं तर गावचा लोहारसुद्धा जोडून द्यायचा.

१९८० च्या आसपास डिझेल आली, मग तर विषयच संपला. आवाज ट्रॅक्टरचा होता, मान्य. पण कापसाच्या व्यापाऱ्याला आवाजाशी काय घेणं?

गॅरेजवाली_वहिनी

सासऱ्यांचं कोल्हापुरात गॅरेज होतं, आता दीर बघतात, हिशेब आणि स्पेअर पार्ट माझ्याकडे. त्यामुळे दोघींची आतडी बघितलीत.

चौथा_गिअर यांचं इंजिनाबद्दलचं पटलं. पण ‘उजवी’ म्हणताना एक विसरू नका. ॲल्युमिनियमचं हेड हलकं, उष्णता लवकर टाकतं, सगळं खरं. पण एकदा पाणी संपवून गाडी पळवली की ते वाकतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा, नवं गॅस्केट घाला. आमच्याकडे फियाट यायची ती बहुतेक याच कामाला. अँबॅसिडरचं बीडाचं हेड तापून लाल व्हायची वेळ आली तरी बहुधा सरळच राहायचं. ती यायची किंगपिन, ट्रनियन आणि बुश, म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे, घेऊन. पुढच्या चाकांना ग्रीसगन वेळच्या वेळी लागली नाही की खडखड सुरू. चालवणारा म्हणायचा ‘वहिनी, स्टेअरिंग जड झालंय’. पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं की बोटभर खेळ. ग्रीसचं निपल मातीने बुजलेलं, गेल्या दिवाळीपासून कुणी हात लावलेला नाही.

थोडक्यात, फियाट पाणी मागते आणि अँबॅसिडर ग्रीस. जो जे देईल त्याची ती गाडी टिकते.

शंकासुर

धागा छान, पण कराचा सिद्धांत जरा जास्तच गोंडस आहे. तुम्हीच म्हणता तो कर १९४७ पर्यंत होता. ऑक्सफर्ड सीरीज थ्री १९५६ ची. मधल्या काळात नवं इंजिन काढायला कुणी अडवलं होतं? मला तर हा सरळसरळ इंग्रजी आळस वाटतो. कर गेला तरी पोक तसंच.

दुसरं, फियाटचा स्ट्रोकसुद्धा बोअरपेक्षा जास्तच आहे. मग इटालियन कर कुठे गेला?

चौथा_गिअर

शंकासुर, दुसरा मुद्दा आधी. ६८ ला ७५ आणि ७३ ला ८९ यात बराच फरक आहे. त्या काळात दोन्ही देशांत लांब स्ट्रोकच चालायचा, प्रश्न किती लांब हा आहे. आणि इटालियन कराचा परिणाम स्ट्रोकवर शोधू नका, एकूण आकारावर शोधा. चार दारांच्या कुटुंबाच्या गाडीला ११०० सीसीत बसवायचा हट्ट तिथला आहे.

आता पहिला. कर गेला पण यंत्रं राहिली. ऑस्टिनने १९४७ मध्ये ए-४० ही गाडी आणली, तिचं इंजिन १२०० सीसी: बोअर ६५.५, स्ट्रोक ८८.९. म्हणजे कराच्या काळातच कागदावर उतरलेलं. १९५२ ला ऑस्टिन आणि मॉरिस एक होऊन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) झाली, आणि त्याच घाटाच्या बी-सीरीज इंजिनाची बोअर ७३ करून १४८९ सीसी झालं. स्ट्रोक ८८.९. पुढे एमजीबी या स्पोर्ट्स कारसाठी ते १७९८ सीसी केलं, बोअर ८० च्या वर नेली. स्ट्रोक? ८८.९! नवा स्ट्रोक म्हणजे नवा क्रँक आणि त्यामागची सगळी जुळवाजुळव. बोअर वाढवणं त्या मानाने सोपं. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो कर रद्द झाल्यानंतर कित्येक वर्षं त्या मापात टिकून राहिलेला आळस आहे.

जाता जाता: १९५५ ची एमजीए ही देखणी दोन सीटची स्पोर्ट्स कार याच १४८९ सीसी इंजिनावर आली. कलेक्टर साहेबांच्या गाडीत आणि त्या गाडीत नात्यातलं रक्त आहे.

आता चाकांखालचं. फियाटला पुढे डबल विशबोन, कॉइल स्प्रिंग आणि अँटिरोल बार. अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे गाडीच्या पोटाखालून लांबीने जाणारी पोलादी कांब. चाक वर उचललं की ती पिळली जाते. ही मॉरिसचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस याच्या मॉरिस मायनरची पठडी. मागे दोघींना पाटे (लीफ स्प्रिंग). वळणावर फियाट सपाट राहते, अँबॅसिडर आधी झुकते, मग विचार करते, मग वळते. गंमत म्हणजे स्टेअरिंगची यंत्रणा उलटी आहे. रॅक अँड पिनियन, जी पुढे सगळ्या जगाने घेतली, ती अँबॅसिडरला. फियाटला जुन्या पद्धतीचं वर्म स्टेअरिंग. तरी हातात हलकी लागते ती फियाट, कारण तिच्या नाकावर वजनच कमी.

आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर: फियाट २३४० मिमी, अँबॅसिडर २४६४. वऱ्हाडी भाऊंची सरकीची पोती या सव्वाशे मिमीत आणि त्या घुमटासारख्या टपाखाली बसायची.

काउलीचा_पाहुणा

मी सध्या ऑक्सफर्डजवळ राहतो. काउलीला जिथे मॉरिसचे कारखाने होते तिथे आता बीएमडब्ल्यूची मिनी बनते. जुन्या भागातला बराचसा आता बिझनेस पार्क झालाय.

इथल्या क्लासिक मेळाव्यांत ऑक्सफर्ड सीरीज थ्री क्वचित दिसते. इंग्रजांनी ती फार मनावर घेतलीच नाही. १९५९ मध्ये तिची जागा घेतली ती ऑक्सफर्ड सीरीज फाइव्हने, आणि तिचं रूप ठरवलं कुणी? इटलीच्या पिनिन फारिनाने. त्याच वर्षी आलेल्या ट्रायम्फ हेराल्डचं रूप मिकेलोत्तीचं, म्हणजे पुन्हा इटालियन. (तीच मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड.) धागाकर्त्याच्या दोन घराण्यांबद्दल एवढंच म्हणेन की एका घराण्याने इंजिन स्वतःचं ठेवलं आणि चेहरा दुसऱ्याकडून घ्यायला लागलं. आपल्या नशिबी त्याआधीचा अस्सल इंग्रजी चेहरा आला. मला तो आवडतो. गोल, पोक्त, कुणाची नक्कल न करणारा.

नव्वदच्या दशकात फुलबोर नावाच्या लंडनच्या विक्रेत्याने उत्तरपाड्याच्या नव्या अँबॅसिडर इकडे आणून विकायचा प्रयत्न केला होता. माहेरी परत पाठवणीच म्हणा ना. फार खपल्या नाहीत.

सोलापुरी

कुर्ल्याचा उल्लेख झाला आणि वालचंद हिराचंद यांचं नाव नाही? आम्हा सोलापूरकरांना हे चालणार नाही.

मोटारीचा कारखाना काढायची खटपट सर विश्वेश्वरय्या तीसच्या दशकापासून करत होते, वालचंदशेठ त्यात सोबत होते. शेवटी क्रायस्लरशी जमलं आणि १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. म्हणजे कुर्ल्याची सुरुवात अमेरिकन: डॉज, प्लिमथ, डीसोटो. फियाट नंतर आली, आधी छोटी ५०० आणि मग ही ११००. वालचंदशेठ १९५३ मध्ये गेले. पहिली ‘डुक्कर’ कुर्ल्यातून निघाली ती त्यांच्या पश्चात.

म्हणून माझं मत असं की मुळात तिसरं घराणंही होतं, अमेरिकन. जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८ पासून जोडणीचा कारखाना होता. सरकारने १९५३ च्या सुमारास ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडायचं बंद, इथे बनवायचं असेल तर थांबा. जनरल मोटर्सने १९५४ ला शिवडी बंद केली. एवढ्या मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या इथे खपणार किती? उरल्या त्या युरोपातल्या लहान गाड्या. फियाट आणि अँबॅसिडर यांच्यात निवड करायची वेळ आपल्यावर आली, ती दिल्लीतल्या त्या निर्णयामुळे.

वामनकाका

सोलापुरींनी बरोबर नस पकडली. पण ‘निवड’ हा शब्द तरुणांनी जपून वापरावा. आमच्या वेळी निवड नव्हती, नंबर होता.

पैसे भरून नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. १९५९ च्या कंट्रोल ऑर्डरखाली कुणाला गाडी आधी मिळेल हे सरकार बघायचं. सरकारी कोटा वेगळा, डॉक्टरांना प्राधान्य. गाडी मिळाली की ठरावीक काळ विकायचीसुद्धा बंदी, कारण शोरूमबाहेर आली की तिचा भाव वर गेलेला असायचा. किंमतही सरकार ठरवायचं. त्यावरून प्रीमियर सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. आमच्या शेजारच्या एका वकिलांनी फियाटसाठी नाव घातलं तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. गाडी आली तिच्या साखरपुड्याला. तोवर वकिलांची नजर अधू झाली होती, चालवली जावयाने.

फियाटची एक खरी गोष्ट सांगतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तरी स्वतःची गाडी नव्हती. १९६४ मध्ये घेतली ती फियाट. बारा हजारांची गाडी, त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. ते फिटायच्या आत ताश्कंदला गेले, आणि उरलेलं कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. आणि प्रीमियरचा कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याला आता काय म्हणतात? लालबहादूर शास्त्री मार्ग.

सरकारी गाडी मात्र अँबॅसिडर. पांढरी, मागच्या काचेला पडदे, सीटवर टर्किश टॉवेल. कमरेत न वाकता टोपीसकट आत बसता यायचं, पुढाऱ्यांना याहून जास्त काय हवं!

मीटर_डाउन

मुंबईचा विषय कुणीच काढत नाही म्हणजे काय?

वडिलांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली, पद्मिनी. मुंबईत फियाट आणि कलकत्त्यात अँबॅसिडर का, याला लोक काय काय कारणं देतात. मुख्य कारण एकच: कारखाना जवळ. कुर्ल्याला गाडी बनते, सीएसटी रोडवर तिचे जुने पार्ट मिळतात, प्रत्येक नाक्यावर तिचा मिस्त्री. उत्तरपाडा कलकत्त्याच्या उशाशी, तिथे तेच.

पण अंगकाठीचाही भाग आहेच. पद्मिनी चार मीटरच्या आत. काळबादेवीच्या गल्लीत हातगाडी, टेम्पो आणि गाय यांच्यामधून यू टर्न मारायचा तर अँबॅसिडरला दोनदा मागे घ्यावं लागतं. शिवाय ॲव्हरेज. अँबॅसिडर पेट्रोलवर दहाच्या आतबाहेर, फियाट त्यापुढे. टॅक्सीवाल्याच्या घरचं जेवण त्या फरकावर चालतं.

वडिलांच्या गाडीत पुढचं सीट सलग होतं, गिअर स्टेअरिंगला. तो हँड गिअर जुना झाला की दोन गिअरच्या मध्ये अडकायचा. वडील सिग्नलला शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, स्टेअरिंगच्या दांड्याखालची ती सळई हाताने खटकन मागे ओढायचे, बॉनेट आपटायचे आणि निघायचे. मागे कुणी हॉर्न वाजवला तर त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मीटर बाहेर, डाव्या बाजूला, लोखंडी. झेंडा पाडला की आतला ‘टिंग’ आवाज अजून कानात आहे. पुढे कोर्टाच्या आदेशाने सीएनजी आलं आणि डिकीत सामानाऐवजी सिलिंडर बसला. मग बॅगा टपावरच्या कॅरिअरवर.

शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीचं वय वीस वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही नाही. तेव्हा पेपरात सगळ्यांनी गळे काढले. मी नाही काढला. शेवटच्या वर्षांत ती गाडी उन्हाळ्यात चालवणं म्हणजे शिक्षा होती. पायाशी इंजिनाची धग, ब्रेक दोनदा दाबायचा, खिडकीची काच हाताने धरून वर करायची. वडिलांना वॅगनआर मिळाली तेव्हा घरात पेढे आणले.

वऱ्हाडी_ठेचा

मीटरभाऊ, दंडवत. पेढ्यांचं एकदम खरं.

शंकासुर

मीटर_डाउन यांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वात प्रामाणिक. दोन्ही गाड्यांबद्दल जे प्रेम उतू जातंय त्यात हे विसरलं जातं की इटलीने ११०० ला १९६९ मध्ये निवृत्त करून फियाट १२८ आणली, पुढची चाकं ओढणारी, आडव्या इंजिनाची. तीही जाकोसाचीच. इंग्रजांनी १९५९ मध्येच ऑक्सफर्ड सीरीज थ्री सोडली आणि त्याच वर्षी इसिगोनिसने मिनी दिली. ज्या दोन माणसांच्या पठडीतल्या गाड्या आपण इतकी वर्षं उगाळल्या, ते दोघे केव्हाच पुढे गेले होते. घराण्यांचं कौतुक करायचं तर घराणं पुढे कसं सरकलं याचंही करा.

चौथा_गिअर

शंकासुर, +१. यावर माझा वाद नाही. उलट माझ्या मुद्द्याला बळच मिळतं. जाकोसा आणि इसिगोनिस दोघेही लहान गाडीत जास्त माणसं कशी बसवायची याच प्रश्नाशी झुंजत होते, आणि दोघांनी शेवटी इंजिन आडवं टाकलं. मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेल दोघांना एकच. जाकोसाने गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, टोकाला लावला. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी जाकोसाची आहे. म्हणजे मूळ मतावर ठाम: रचनेत ट्युरिन उजवं.

अँबॅसिडरबद्दल एक कबूल करायला हवं. नव्वदच्या दशकात तिच्यात इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरचा खाली बसवलेला गिअरबॉक्स आला, तेव्हा ती खरोखर पळायला लागली. अडचण एवढीच की थांबायची तयारी तितकी नव्हती. पद्मिनीलाही शेवटी एफएनएम कंपनीचं इटालियन डिझेल इंजिन मिळालं, पण तोवर मारुतीने बाजार नेला होता.

गॅरेजवाली_वहिनी

जुन्या बोरघाटाची आठवण कुणीच काढली नाही म्हणून टाकते. एक्सप्रेसवे व्हायच्या आधी उन्हाळ्यात दुपारी खोपोलीहून वर चढायचं तर घाटातल्या शिंगरोबा देवाला नाणं टाकून पुढे निघायचं, आणि वळणावळणावर बॉनेट उघडलेल्या गाड्या दिसायच्या. फियाटचं बहुधा इंजिन तापलेलं नसायचं, पेट्रोल पंप तापलेला असायचा. पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकली की गाडी बंद. उपाय: ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि थांबायचं. अनुभवी बायका निघतानाच एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली पुढे ठेवायच्या. नवरे बॉनेटमध्ये डोकं घालून डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासत बसायचे, ज्याची काही गरज नसायची.

नवशिका_पुणेकर

सगळा धागा एका दमात वाचला. आता माझा स्वार्थी प्रश्न. एक १९७५ ची पद्मिनी आणि एक १९७२ ची अँबॅसिडर, दोन्ही विकाऊ आहेत, भाव साधारण सारखा. रविवारी फिरवायला हवी, रोज नाही. कुठली घेऊ? काय बघू?

चौथा_गिअर

रविवारचं फिरणं म्हणजे मुळशी, पानशेत, वळणाचे रस्ते. माझं मत फियाटला. पण माझ्या मताआधी पत्रा बघा. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. म्हणजे पायाखालचा आणि दारांखालचा पत्रा सडला असेल तर वरचा चकचकीत रंग बिनकामाचा. चटई उचलायला लावा. विकणारा कुरकुरला तर उत्तर मिळालं.

कागदांचं: दोन्ही गाड्या पन्नास वर्षांच्या पुढच्या, तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येतात, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांनाच. रविवारी मनात आलं म्हणून मुळशीला नेणं त्यात बसत नाही. जुनीच नोंदणी चालू ठेवून फिटनेस आणि नूतनीकरण करणारेही बरेच आहेत. आरसी कुणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरण कधीपासून थकलंय, ते आधी बघा.

वऱ्हाडी_ठेचा

अँबॅसिडर घ्या. मुळशीला वळणं असतील, पण पुण्यात खड्डे आहेत.

गॅरेजवाली_वहिनी

दोघांचं ऐकू नका, गाडीचं ऐका.

पद्मिनी: गार असताना जा, आधी ‘गरम करून ठेवतो’ म्हणू देऊ नका. रेडिएटरचं झाकण उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का बघा. तेलाची पट्टी काढा, तेल दुधाळ असेल तर पाणी आत जातंय, म्हणजे हेडचं काम. मग सुरू करून वीसेक मिनिटं जागेवर चालू द्या आणि काट्याकडे लक्ष ठेवा. हँड गिअर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि रिव्हर्स, सगळे बसलेल्या गाडीत टाकून बघा, मग चालवून.

अँबॅसिडर: पुढचं चाक जॅकवर घेऊन वरखाली हलवा, आवाज झाला तर किंगपिन आणि ट्रनियनचा खर्च धरा. समोरून सपाट जागेवर बघा, एका बाजूला बसलीय का. टॉर्शन बार जिथे मागच्या टोकाला धरलेला असतो तिथला पत्रा खालून झोपून बघायचा, कपडे खराब झाले तरी. तिथे गंज असेल तर ती गाडी सोडून द्या. इंजिनाची काळजी करू नका, ते कुणीही बांधून देईल.

दोन्हीकडे ब्रेक ड्रम उघडून बघायला सांगा. आणि विकणारा ‘बाकी काही नाही, फक्त बॅटरी उतरलीय’ म्हणाला तर जाताना बॅटरी घेऊनच जा.